शिट्टी झाली की हात धरायचा

गेल्या महिन्यात एका रात्री आमचे शेजारी जिना चढून वर आले. त्यांच्याशी आमचा वीस-पंचवीस वर्षांचा घरोबा. घर आपल्याच विचारांचे. दर उन्हाळ्यात घरातले कोणी ना कोणी कुठल्या तरी शिबिराच्या व्यवस्थेत गुंतलेले. त्यांचा मुलगा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आहे. त्याने घरी कळविले होते की, या सुटीत तो ज्यू आणि अरब मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छितो. दोन्ही समाजांतली मुले तीन आठवडे एकत्र राहतात, खेळतात, भांडतात, बोलतात. स्वयंसेवकाने त्यांची देखभाल करायची. पैसे नाहीत, जेवण आणि राहण्याची सोय मिळते.

"भाऊ, तुम्ही वृत्तपत्रात आयुष्य घालविले," शेजारी म्हणाले, "तुम्हीच सांगा. त्यांच्या भांडणात आपल्या मुलाने कशाला पडायचे? आणि अशा शिबिरांनी शांतता येत असती, तर एव्हाना यायला नको होती का?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना त्या रात्री चहाव्यतिरिक्त काही दिले नाही. उत्तर द्यायला चार दिवस लागले आणि ते देताना जे जे आठवले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

'शिबिर' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. अनोळखी मुले दहा-पंधरा दिवस एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली, एकमेकांच्या घोरण्याला वैतागली की त्यांच्यात काय घडते, हे आपण पाहिले आहे. पण आपल्या शिबिरांत येणारी मुले मुळात एकाच समाजाची, एकाच श्रद्धेची असतात. प्रश्न आहे तो, ज्यांचे आईवडील एकमेकांना शत्रू मानतात अशा मुलांना एका छपराखाली झोपविल्यास काय होते, याचा.

हा प्रयोग शास्त्रीय पद्धतीने झाला तो 1954 साली, अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात. मुझफर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांची 22 मुले निवडली, त्यांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफने दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसविले, चित्रपट दाखविला. उपयोग शून्य! जेवणाच्या टेबलावरून अन्नाची फेकाफेक मात्र झाली. शेवटी पिण्याच्या पाण्याचा पुरवठा बंद पडला (तो अर्थातच संशोधकांनीच बंद पाडला होता), अन्न आणणारा ट्रक अडून बसला आणि तो ओढायला सगळ्या मुलांचे बळ लागले, तेव्हा कुठे वैर ओसरले. म्हणजे नुसते जवळ आणून काही होत नाही. दोघांना मिळूनच जे करावे लागते असे काम पुढ्यात असावे लागते. हा धडा पाठ्यपुस्तकांत गेला. मात्र त्यातील एक उणीव सांगितलीच पाहिजे. ती 22 मुले एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सुखवस्तू घरांतली होती. त्यांचे वैर एका आठवड्याचे होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही आजोबांचे घर दुसऱ्याच्या आजोबांनी घेतलेले नव्हते.

जिथे वैर पिढ्यांचे आहे, तिथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तो जॉन वॉलक या अमेरिकी पत्रकाराने. परराष्ट्र घडामोडींवर लिहिण्यात त्याची हयात गेली होती. 1993 साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर पहिला बॉम्बहल्ला झाला, त्यानंतर त्याच्या मनाने घेतले की नेत्यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या, आता मुलांकडे वळावे. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातील ओटिसफील्ड या गावी, एका तळ्याकाठी, इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन अशी 46 मुले आली. संस्थेचे नाव 'सीड्स ऑफ पीस', अर्थात शांतीची बीजे. 13 सप्टेंबर 1993 रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफात यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा ही मुले तिथे उपस्थित होती. वॉलक 2002 साली वारला. तोवर राबिन यांची हत्या होऊन जवळपास सात वर्षे लोटली होती आणि दुसऱ्या इंतिफादाचा वणवा पेटला होता. हस्तांदोलनाचे ते छायाचित्र आता इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्याने सुरू केलेले काम मात्र त्याच्यामागेही चालू राहिले.

हे सर्व वाचून समजते. शेजाऱ्यांचा प्रश्न ऐकल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती मात्र माझी पुतणी. 2014 च्या उन्हाळ्यात ती अशाच एका शिबिरात होती. मेनमधले ते प्रसिद्ध शिबिर नव्हे. त्याच धर्तीवरचे, आकाराने पुष्कळ लहान. नाव सांगत नाही, कारण तिथल्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत आणि आपापल्या गावी राहतात.

ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. जाताना तिच्या डोक्यात शांततेविषयीच्या मोठमोठ्या कल्पना होत्या. पहिल्याच दिवशी तिला कामांची यादी मिळाली. सकाळी झोपडीतल्या दहा मुलींना उठविणे, अंथरुणे नीट घातली आहेत का पाहणे, कोणाला कोणते औषध कधी द्यायचे त्याची वही ठेवणे, पोहण्याच्या वेळी धक्क्यावर उभे राहणे, कपडे धुवायला पाठविणे, रात्री दिवे मालविणे. चर्चेच्या सत्रांत तिला प्रवेश नव्हता. ती सत्रे चालविणारे वेगळे, खास प्रशिक्षण घेतलेले. प्रत्येक गटाला एक ज्यू आणि एक अरब. "मग मी इथे करायचे काय?" असे तिने विचारल्यावर शिबिरप्रमुखांनी सांगितले की, मुली सत्रातून बाहेर येतील तेव्हा रागावलेल्या असतील, भुकेल्या असतील. त्यांना खायला दे.

त्या स्वयंपाकघराविषयी तिने आम्हाला बरेच सांगितले होते. ज्यू आहारनियमांप्रमाणे मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. एकाचा चमचा दुसऱ्यात गेला की संपले. मुसलमान मुलींसाठी हलालचा नियम. आमच्या आईने हे ऐकून मोठ्या समाधानाने मान डोलावली होती. सोवळ्याओवळ्यावर हसणाऱ्या नातीला परदेशात चमचे वेगळे ठेवावे लागताहेत, याचा तिला आनंद झाला असावा! त्यातच 2014 साली रमझान जूनच्या अखेरीस लागला. उत्तरेकडे उन्हाळ्याचा दिवस केवढा मोठा. ज्या मुलींनी रोजे धरले, त्यांच्यासाठी पुतणी पहाटे तीनला उठून अन्न गरम करीत असे. पंधरा जुलैला ज्यूंचा तम्मुझ महिन्यातला उपवास आणि रोजा एकाच दिवशी आला. तो उपवास करणारी एकच ज्यू मुलगी होती. त्या पहाटे स्वयंपाकघरात दोन्हीकडच्या मुली होत्या. फारसे बोलणे झाले नाही. पहाटे तीनला कोण बोलतो?

तिला उगीच वाटत होते की, इस्रायलमधून येणाऱ्यांत एखादी तरी मुलगी अशी भेटेल, जिची आजी मराठी बोलते. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो, ते 1948 नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. 'मायबोली' हे त्यांचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. तशी कोणी भेटली नाही. भेटल्या त्या इराक, येमेन आणि मोरोक्कोहून आलेल्या घरांतल्या मुली, ज्यांच्या आज्या घरात अरबी बोलत असत. ज्यू म्हणजे युरोपातून आलेला गोरा माणूस, ही तिची समजूत पहिल्या आठवड्यातच गेली. अरब मुलींतही काही इस्रायलच्या नागरिक होत्या, काही पश्चिम किनाऱ्यावरून तपासणी नाक्यांवर तिष्ठत आलेल्या. आणि त्या दोघींचे आपसांत पटत होतेच असे नाही. वृत्तपत्रात आपण 'दोन बाजू' असे लिहून मोकळे होतो. मीही शेकडो वेळा लिहिले असेल.

त्या उन्हाळ्यात तिकडे काय घडत होते, ते वाचकांना आठवत असेल. जूनमध्ये तीन इस्रायली तरुणांचे अपहरण झाले. दोघे सोळा वर्षांचे, एक एकोणीस वर्षांचा. 30 जूनला त्यांचे मृतदेह सापडले. 2 जुलैला मुहम्मद अबू खदीर या सोळा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला पळवून जिवंत जाळण्यात आले. 8 जुलैला गाझातील लष्करी मोहीम सुरू झाली. गाझातून अग्निबाण सुटत होते, गाझावर बॉम्ब पडत होते. ती मोहीम ऑगस्टअखेर थांबली, तोवर दोन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी आणि सत्तरांहून अधिक इस्रायली मरण पावले होते.

शिबिराचा नियम असा की बातमी लपवायची नाही. भ्रमणध्वनी जमा केलेले असत. रोज संध्याकाळी प्रमुख सर्वांना एकत्र बसवून घडले ते थोडक्यात सांगत आणि ज्यांना घरी बोलायचे असेल त्यांना बोलू देत. मोहीम सुरू झाल्यानंतरच्या एका रात्री पुतणीच्या झोपडीत दोन मुली रडत होत्या. एकीचे घर दक्षिण इस्रायलमध्ये. तिचा धाकटा भाऊ भोंगा वाजला की निवाऱ्यात धावताना पडला होता आणि त्याचा हात मोडला होता. दुसरी रामल्लाची, तिच्या मावशीचे कुटुंब गाझात होते आणि दोन दिवस त्यांच्याशी संपर्क होत नव्हता. एक या टोकाच्या पलंगावर, दुसरी त्या टोकाच्या. मध्ये आठ मुली, डोक्यावरून पांघरुणे घेऊन जाग्या. माझी पुतणी दारात उभी.

"काका, मला कळेना आधी कोणाकडे जाऊ," ती मला नंतर म्हणाली. "मी दोन पेले पाणी भरले, आणि जवळच्या पलंगाकडे गेले. एवढाच विचार केला, जवळचा पलंग." तो पलंग ज्यू मुलीचा होता. तिच्याजवळ ती पाच मिनिटे बसली असेल. दुसरीकडे गेली तेव्हा ती मुलगी रडायची थांबली होती. पाणी घेतले नाही. एवढेच म्हणाली, "तू आधी तिच्याकडे गेलीस."

पुतणी सांगत होती तेव्हा घटनेला दोन महिने झाले होते. तरी हे वाक्य सांगताना ती थांबली. तिने खुलासा करायचा प्रयत्न केला होता, पलंग जवळ होता म्हणून. तो खरा होता आणि निरुपयोगी होता. ज्याला आयुष्यभर दुसऱ्या क्रमांकावर ठेवले गेल्याची जाणीव आहे, त्याला पलंगांमधले अंतर मोजून दाखवून काय होणार? आणि हेही तितकेच खरे की, ती आधी त्या टोकाला गेली असती, तर भावाचा हात मोडल्याचे ऐकून रडणारी मुलगी तेच वाक्य बोलली असती.

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मात्र त्यांची एक अडचण होती. तळ्यात पोहायला उतरताना प्रत्येकीला जोडीदार ठरवून दिलेली असे. धक्क्यावरून दर दहा मिनिटांनी शिट्टी होई. शिट्टी झाली की जिथे असाल तिथे आपल्या जोडीदाराचा हात धरायचा आणि तो वर करायचा. कोणी बुडाले नाही ना, हे मोजण्याची ती पद्धत. जोड्या पोहण्याच्या तयारीप्रमाणे लावलेल्या होत्या, आणि झोपडीत पोहण्यात सर्वांत कच्च्या याच दोघी होत्या. जोडी बदलून द्यावी, असे दोघींनी वेगवेगळे येऊन सांगितले. जलरक्षकाने नकार दिला. त्याला राजकारण कळत नव्हते, पोहणे कळत होते. तेव्हा तीन-चार दिवस असे चालले की, त्या दोघी चकार शब्द न बोलता पाण्यात उतरत, एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत, आणि शिट्टी झाली की हात धरून वर करीत. मग सोडून देत. पुढे बोलू लागल्या. केव्हा आणि कशावरून, ते पुतणीने पाहिले नाही.

आता शेजाऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. या शिबिरांनी काय साधले?

आक्षेप खरे आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. शिबिर संपते, मुले घरी जातात. इस्रायली मुलगा अठराव्या वर्षी सक्तीच्या सैन्यसेवेत दाखल होतो. पॅलेस्टिनी मुलाला त्याच्याच गल्लीत विचारले जाते की, शत्रूबरोबर नावेत बसून काय मिळविलेस? अन्याय चालू असताना सर्व काही सुरळीत असल्याचे नाटक केलेस, हा त्याच्यावरचा ठपका. हे संवाद वर्षानुवर्षे चालविणारे सांगतात की, बहुधा ज्यू मुले मैत्री शोधत येतात आणि अरब मुले आपली तक्रार ऐकून घेणारा कान शोधत येतात. पहिल्याला दुसऱ्याचे बोलणे राजकारण वाटते, दुसऱ्याला पहिल्याचे हसणे पळवाट वाटते. चर्चा इंग्रजीत चालते. ज्याचे इंग्रजी चांगले, त्याचे दुःख अधिक चांगले मांडले जाते.

आणि असील असलेह. उत्तर इस्रायलमधील अराबा गावचा अरब मुलगा, इस्रायलचा नागरिक, 'सीड्स ऑफ पीस'च्या शिबिरांतला अत्यंत उत्साही. दोन्हीकडे त्याचे मित्र होते. 2 ऑक्टोबर 2000 रोजी, दुसऱ्या इंतिफादाच्या आरंभीच्या निदर्शनांच्या वेळी, गावाजवळ इस्रायली पोलिसांच्या गोळीने तो मरण पावला. वय सतरा. अंगात शिबिराचा हिरवा सदरा होता. त्या दिवसांत मरण पावलेल्या तेरा अरबांच्या मृत्यूंची चौकशी न्यायमूर्ती ऑर यांच्या आयोगाने केली, 2003 साली अहवाल आला, पोलिसांवर ताशेरे ओढले गेले. खटला मात्र कोणावरही भरला गेला नाही. आपल्या घरांत इस्रायलविषयी जिव्हाळा आहे. चहूबाजूंनी वेढलेले, जिद्दीने उभे राहिलेले राष्ट्र म्हणून त्याच्याविषयी आदर आहे, आणि 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईत छाबड हाउसमध्ये जे घडले, त्यानंतर तर तो अधिकच जवळचा झाला. तो जिव्हाळा माझाही आहे. पण तेवढ्यासाठी अराबाच्या त्या मुलाची गोष्ट वगळली, तर आपण इतिहास वाचत नसून आपल्या पसंतीची पाने चाळत आहोत, एवढाच त्याचा अर्थ होईल.

दुसऱ्या बाजूलाही असेच नाव आहे. व्हिव्हियन सिल्व्हर, वय 74, गाझाच्या सीमेलगत बेएरी या किबुत्झात राहणारी. ज्यू आणि अरब स्त्रियांमध्ये तिने अनेक दशके काम केले. गाझातील आजारी मुलांना ती स्वतःच्या मोटारीने जेरुसलेमच्या रुग्णालयात नेत असे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात ती तिच्या घरातच मारली गेली. त्या एका दिवसात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे लोक मारले गेले आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले गेले. नंतरच्या युद्धात गाझात मेलेल्यांची संख्या दहा-दहा हजारांनी मोजावी लागली, त्यांत मुले किती तरी.

तेव्हा शिबिरांनी युद्ध थांबविले का, याचे उत्तर 'नाही' असे आहे. ज्याने तसा दावा केला, त्याने देणगीदारांसाठी केला असावा. पण माझा आक्षेप प्रश्नालाच आहे. चौदा वर्षांच्या मुलीकडून आपण ते का मागतो, जे राष्ट्रप्रमुखांना आणि सेनापतींना साधले नाही? शाळेतून राष्ट्र घडते असे आपण म्हणतो. म्हणून दहावीच्या निकालाच्या दिवशी राष्ट्र घडले का, असे कोणी विचारीत नाही.

मोजता येण्यासारखे जे आहे, ते काहींनी मोजले आहे. जेन रायझन आणि जुलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी मेनच्या त्या शिबिरातील इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांची मते शिबिराच्या आरंभी, शेवटी आणि पुन्हा काही महिन्यांनी तपासली. त्यांचा निबंध 2014 साली प्रसिद्ध झाला. शिबिर संपताना एकमेकांविषयीची भावना सुधारलेली असते, घरी गेल्यावर ती बरीचशी ओसरते, पण पूर्णपणे मूळ पदावर जात नाही. आणि कोणाची टिकेल हे सांगणारी सर्वांत भक्कम खूण होती ती एकच: त्या मुलाला दुसऱ्या बाजूचा एक तरी जवळचा मित्र मिळाला होता का. एक पुरेसा होता. भाषणांची, गाण्यांची, झेंड्यांची संख्या या हिशेबात धरलेली नाही!

भारत आणि पाकिस्तानची मुलेही 2001 पासून त्या शिबिरात जाऊ लागली, मुंबईतलीही. हे वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. वाघा सीमेवर मध्यरात्री मेणबत्त्या लावणाऱ्यांची आठवण होईल. मलाही ते मेणबत्त्यांचे प्रकरण कधी रुचले नाही. कारण तिथे वाद नव्हताच. दोन्हीकडचे आधीच एकमत असलेले लोक एकमेकांना भेटत होते. या शिबिरांची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे पाठविलेली मुले आपापल्या देशाचे पाठ्यपुस्तक पाठ करून आलेली असतात आणि रोज दीड-दोन तास ते एकमेकांच्या तोंडावर म्हणून दाखवितात. त्या शिबिरांतून गेलेल्या काही पाकिस्तानी तरुणांनी पुढे एक उपक्रम केला: स्वातंत्र्यपूर्व काळातल्या त्याच घटना भारताच्या पुस्तकांत कशा आहेत आणि पाकिस्तानच्या पुस्तकांत कशा, हे शेजारीशेजारी छापले. 2013 मध्ये ते पुस्तक निघाले. तसाच प्रयोग त्याआधी डॅन बार-ऑन या इस्रायली आणि सामी अदवान या पॅलेस्टिनी प्राध्यापकांनी शिक्षकांना हाताशी धरून केला होता. पानाच्या एका बाजूला इस्रायली इतिहास, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मध्ये कोरी जागा. विद्यार्थ्याने स्वतः काय ते लिहावे म्हणून. दोन्ही बाजूंच्या सरकारी यंत्रणांना ते मानवले नाही, हे सांगायला नकोच.

त्या कोऱ्या जागेविषयी मला विशेष वाटते. दोन्ही कथांची सरमिसळ करून एक गुळमुळीत तिसरी कथा तयार करावी, असे त्या प्राध्यापकांनी म्हटले नाही. ज्यू मुलीने ज्यूच राहायचे आहे. तिचे 1948 हे स्वातंत्र्याचे वर्ष आहे. अरब मुलीचे 1948 हे विस्थापनाचे वर्ष आहे. ते तिने विसरायचे नाही. आपला इतिहास सोडा म्हणजे शांतता मिळेल, असा सल्ला देणाऱ्यांचा आपल्याला अनुभव आहे, आणि तो सल्ला आपण मानलेला नाही. मग तो इतरांनी मानावा, ही अपेक्षा आपण का करावी? स्वतःचा इतिहास घट्ट धरूनही समोरच्याचे वाक्य शेवटपर्यंत ऐकता येते, एवढेच त्या तळ्याकाठी शिकविले जाते. ते सोपे नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ते अद्याप साधलेले नाही.

राहिला पहिला प्रश्न: आपल्या मुलाने यात कशाला पडायचे? पडायचे नाहीच. परदेशातून जाणाऱ्या स्वयंसेवकाचा सर्वांत मोठा दोष हाच की, त्याला चार पुस्तके वाचून न्यायाधीश व्हावेसे वाटते. पुतणीबरोबर एक अमेरिकी तरुण होता. तो पहिल्याच आठवड्यात मुलांना नकाशा काढून तोडगा समजावून सांगू लागला. दोन्हीकडच्या मुलांची त्या शिबिरात पहिल्यांदा कशावर एकी झाली असेल, तर ती त्याची टर उडविण्यावर! आपला मुलगा तिथे उपयोगी पडेल तो याच कारणाने की, त्या भांडणात त्याचा वाटा नाही. त्याने अंथरुणे मोजावीत, औषधांची वही भरावी, पहाटे तीनला उठावे. सेवा म्हणजे काय, हे त्या घरातल्या मुलाला मी सांगण्याची गरज नाही. सांगायचे एवढेच की, एखाद्या रात्री दोन पलंगांच्या मध्ये उभे राहावे लागेल, त्या वेळी घरातून नेलेले कुठलेही मत उपयोगी पडणार नाही, आणि काहीही केले तरी एकीकडून बोल ऐकावा लागेल. तो ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा नाश्ता वाढता येणार असेल, तर त्याने जावे.

परवा हे लिहिण्यापूर्वी पुतणीला दूरध्वनी केला. ती आता तिकडेच नोकरी करते. 2023 च्या ऑक्टोबरात त्या दोघींपैकी कोणाशी बोलणे झाले का, असे विचारले. दक्षिणेकडच्या मुलीला तिने आठ तारखेलाच निरोप पाठविला होता. दोन दिवसांनी उत्तर आले, आम्ही जिवंत आहोत म्हणून. रामल्लाच्या मुलीला निरोप पाठविण्याचे धाडस तिला आठवडाभर झाले नाही. "पुन्हा दुसरीच ना तीच," ती म्हणाली. शेवटी पाठविला. उत्तर महिन्याने आले. त्यात मावशीविषयी काही लिहिलेले नव्हते. दुसरीची खुशाली विचारलेली होती.

चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडे गेलो आणि मुलाला जाऊ द्या म्हणून सांगितले. मग त्याला पोहता येते का, ते विचारले. ते जरा गोंधळले. लहानपणी शिकला होता, आता सवय नसेल, म्हणाले. मी म्हटले, जाण्यापूर्वी महिनाभर रोज तलावावर जायला सांगा.